पोरक्या मुलाने घडवलेली नात्यांची भाषा

फेब्रुवारी १८९६. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आजोळी राहत असलेल्या चार वर्षांच्या एका मुलाने दाईला मजकूर सांगून वडिलांसाठी पत्र लिहून घेतले. वडील आजच्या दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे बँकेच्या नोकरीत होते. तेथील उष्मा मुलाला मानवत नव्हता, म्हणून आई दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आली होती. पत्र टपालात पडण्यापूर्वीच वडिलांची प्रकृती गंभीर असल्याची तार येऊन थडकली. १५ फेब्रुवारी रोजी आर्थर टोल्किन यांचे निधन झाले आणि ते पत्र घरातच राहिले.

तो मुलगा म्हणजे जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या ग्रंथांचा लेखक म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांच्या स्वतःच्या मते मात्र क्रम उलटा होता. आधी भाषा जन्मल्या, आणि त्या बोलणारी माणसे कोठेतरी असावीत म्हणून कथा मागाहून आल्या. या कल्पित भाषांमध्ये बाप, आई, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण या शब्दांवर त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे काम केले. शब्द घडवले, खोडले, पुन्हा घडवले.

भाषेची गोडी त्यांना लावली ती आईने. मेबल टोल्किन यांनी मुलांना घरीच शिकवले. लॅटिन, फ्रेंच व जर्मन यांची ओळख, वनस्पतींची नावे आणि सुंदर हस्ताक्षर हे सारे तिच्याकडून आले. १९०० मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. माहेरची मंडळी नाराज झाली आणि बहिणीच्या यजमानांकडून मिळणारा पैशाचा आधारही तुटला. १४ नोव्हेंबर १९०४ रोजी मधुमेहाने तिचा मृत्यू झाला. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. रोनाल्ड बारा वर्षांचा होता, धाकटा हिलरी दहाचा. पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंकडे गेले आणि भावंडांची राहण्याची सोय एका विधवा मामीच्या घरी झाली. तेथे मुलांना छप्पर मिळाले, माया फारशी मिळाली नाही. मेबलची उरलेली पत्रेही मामीने जाळून टाकली, हे रोनाल्डला नंतर कळले.

याच वयात भाषा घडवण्याचा खेळ सुरू झाला. मेरी आणि मार्जोरी या मावसबहिणींनी ‘ॲनिमॅलिक’ नावाची भाषा केली होती. तिच्यातले बहुतेक शब्द पशुपक्ष्यांच्या इंग्रजी नावांचेच होते. पुढे मेरी आणि रोनाल्ड यांनी मिळून ‘नेव्हबॉश’ रचली. तिच्यात इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची मोडतोड होती. त्यानंतर आली ‘नाफारिन’, जिच्यावर स्पॅनिशची छाप होती. ही मात्र एकट्या रोनाल्डची.

ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात तुलनात्मक भाषाशास्त्र शिकताना या खेळाला शिस्त आली. भाषांचे कूळ शोधताना अभ्यासकाचा हात प्रथम जातो तो नात्यांच्या शब्दांकडे, कारण हे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत आणि शतकानुशतके टिकतात. संस्कृत पितृ, लॅटिन पातेर आणि इंग्रजी फादर यांची सोयरीक त्यांच्यातील नियमित ध्वनिबदलांमुळे सिद्ध होते. संस्कृत भ्रातृ प्राकृतातून मराठीत येताना मधला त गळून भाऊ झाला आणि मातृष्वसाची मावशी झाली, तीही अशाच नियमांनी. टोल्किन यांनी हे शास्त्र उलटे चालवले. त्यांनी आधी मूळ धातू कल्पिला आणि मग त्यापासून दोन भगिनीभाषा ठरावीक नियमांनी वाढू दिल्या.

त्यांतली पहिली क्वेन्या. कॉलेजच्या ग्रंथालयात हाती आलेल्या फिनिश व्याकरणाने ते भारावून गेले होते, आणि त्याच नादमाधुर्यावर त्यांनी १९१५ च्या सुमारास क्वेन्याचा पहिला कोश रचायला घेतला. वेल्श भाषेच्या वळणावर घडलेली दुसरी भाषा अनेक रूपांतरांनंतर सिंदारिन म्हणून स्थिरावली. क्वेन्यात पित्याला ‘अतार’ म्हणतात. सिंदारिनमध्ये दोन स्वरांमधला त मृदू होतो, म्हणून तेथे तो ‘अदार’ होतो. त्यांच्या विश्वातील परमेश्वराचे नाव ‘इलूवातार’, म्हणजे सर्वांचा पिता. एल्फांनी रचलेल्या त्या नावातही हाच शब्द आहे.

भाषा घडत असतानाच पहिले महायुद्ध पेटले. २२ मार्च १९१६ रोजी टोल्किन यांनी एडिथ ब्रॅट हिच्याशी विवाह केला. तीही पोरकीच होती, आणि पालक फादर फ्रान्सिस यांनी रोनाल्ड एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्यांना भेटीगाठींची मनाई केली होती. विवाहानंतर काही आठवड्यांतच ते फ्रान्सला रवाना झाले. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै रोजी, शाळेपासूनचा मित्र रॉब गिल्सन मारला गेला. डिसेंबरात जेफ्री स्मिथही गेला. टोल्किन स्वतः खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतले. १९३७ च्या सुमारास त्यांनी धातूंचा जो विस्तृत कोश लिहिला, त्यात भावासाठी ‘तोरोन’ आहे आणि त्याच्याजवळच ‘ओतोर्नो’ आहे. त्याचा अर्थ शपथेने जोडलेला भाऊ, मित्र. बहिणीच्या शब्दालाही तशीच जोड आहे. त्या नातेकोशात रक्ताच्या नात्याशेजारी जोडलेल्या नात्यालाही जागा मिळाली.

सर्वांत जास्त वेळा बदलला तो मुलीसाठीचा शब्द. एक धातू मांडून खोडला, दुसरा घेतला, कालांतराने पुन्हा पहिल्याच्या आसपास आले. नावाच्या शेवटी येणारा ‘इएल’ हा कन्यावाचक प्रत्यय मात्र त्यांनी सोडला नाही. ‘टिनूविएल’ म्हणजे संधिप्रकाशाची कन्या, अर्थात बुलबुलासारखा गाणारा नाइटिंगेल पक्षी. ज्या ल्यूथिएनचे हे नाव, तिची कथा यॉर्कशायरमधील रानात नाचणाऱ्या एडिथला पाहून सुचली होती. एका नावासाठी प्रत्यय राखायचा आणि त्याची व्युत्पत्ती नव्याने बसवायची, असा हा उद्योग होता.

१९२५ पासून ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते. तीन मुलगे आणि एक मुलगी अशा चार अपत्यांना ते दर नाताळात फादर ख्रिसमसच्या नावाने सचित्र पत्रे लिहीत. ध्रुवीय अस्वलाची स्वतःची भाषाही त्यांत एकदा आली. १९३१ मध्ये त्यांनी भाषा घडवण्याच्या या छंदाची कबुली एका व्याख्यानात दिली, आणि तीही संकोचानेच. प्रौढ प्राध्यापकाने सांगावे असे हे व्यसन नव्हते.

उतारवयात त्यांनी एल्फ मुलांच्या बोटांच्या खेळावर टिपण लिहिले. अंगठा म्हणजे ‘अत्तो’, बाबा. तर्जनी म्हणजे ‘एम्मे’, आई. उंच मधले बोट म्हणजे ‘तोल्यो’, मोठा मुलगा. अनामिका म्हणजे ‘नेत्ते’, मुलगी. आणि करंगळी म्हणजे ‘विने’, तान्हे बाळ. पाच बोटांवर मावणारे हे कुटुंब आहे. अंगठ्याचे आणखी एक लाडके रूप आहे ‘अत्या’, म्हणजे माझे बाबा. मराठी कानाला बाबांच्या बहिणीची आठवण व्हावी, हा निव्वळ योगायोग आहे.

त्याच काळात, १९६८ मध्ये, त्यांनी एका उच्चारावर दीर्घ निबंध लिहिला. एल्फांमध्ये मुलाला पिता एक नाव देतो आणि माता दुसरे. मातेच्या नावात पुष्कळदा भविष्याची चाहूल असते. फेआनोर हे असेच आईने दिलेले नाव, त्याचा अर्थ अग्नीचा आत्मा. त्याला जन्म दिल्यावर त्याची आई मीरिएल हिने प्राण सोडला. तिचे उपनाव ‘थेरिंदे’, म्हणजे सुईकाम करणारी. पुढे लोकांच्या बोलण्यात इंग्रजी ‘थिंक’मधल्या थचा स होत गेला आणि थेरिंदेची सेरिंदे झाली. फेआनोरने मात्र आईचा थ सोडला नाही. वडिलांनी दुसरा विवाह केल्यावर त्याला तो बदल आईचा अपमान वाटू लागला. कोण थ म्हणतो आणि कोण स, यावरून घराण्यात बाजू ठरू लागल्या.

लेखकाचे आयुष्य आणि त्याची कथा यांची सरळ बेरीज करू नये. तरीही शहात्तर वर्षांचा एक वृद्ध, ज्याची आई बाराव्या वर्षी गेली आणि जिची पत्रेही उरली नाहीत, तो आईच्या एका ध्वनीसाठी भांडणाऱ्या मुलाची गोष्ट लिहितो, याकडे दुर्लक्ष करणे कठीण आहे. परदेशी वाढणाऱ्या नातवंडांच्या तोंडून आजोळचा ळ निसटताना ऐकणाऱ्या मराठी घरांना ते अधिकच कठीण जावे.

एडिथ २९ नोव्हेंबर १९७१ रोजी गेली आणि टोल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी. ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत त्यांचा एकच दगड आहे. तिच्या नावाखाली ल्यूथिएन आणि त्यांच्या नावाखाली बेरेन असे कोरले आहे. कागदांचे ढीग धाकटा मुलगा क्रिस्टोफर याच्याकडे आले. त्याने ‘द सिल्मारिलियन’ १९७७ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे धातुकोश १९८७ मध्ये, तर फेआनोरच्या थचा निबंध १९९६ मध्ये छापला. बोटांचे टिपण अभ्यासकांच्या नियतकालिकात २००५ मध्ये आले.

धातुकोश ज्या खंडात आहे, त्यातच एक अपुरी राहिलेली कथाही आहे. तिच्यातला मुलगा वडिलांना क्वेन्यात ‘अतारिन्या’, माझ्या बाबा, अशी हाक मारतो. चार वर्षांच्या रोनाल्डचे पत्र कधीच पोहोचले नव्हते. त्याने पुढे लिहिलेली ही हाक मात्र त्याच्या मुलाने जपून छापली.