श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर

आषाढीच्या वारीत शेगावची श्रींची पालखी अकोल्याहून आपल्या पातुरास येते आणि घाट चढून मेडशीकडे जाते. शेकडो वारकरी, पण धक्काबुक्की नाही, हमरीतुमरी नाही. पालखी सोहळ्याची ही शिस्त ज्यांनी घालून दिली, त्या हैबतबाबांचे चरित्र आज थोडक्यात पाहू.

बाबा सातारा प्रांतातील आरफळचे, पवार घराण्यातले. ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी ते सरदार होते. काळ मोठा धामधुमीचा. पेंढाऱ्यांनी मुलूख नागवलेला, पुढे १८१८ साली पेशवाईही बुडाली. वाटसरूची धडगत नव्हती. संप्रदायात सांगतात ते असे, की बाबा द्रव्य घेऊन गावी निघाले असता सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गाठले. आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेस दिसतो ना, तोच सातपुडा! द्रव्य गेले, शस्त्र गेले. गुहेत कोंडून तोंडावर शिळा लोटली. बाबांनी एकवीस दिवस हरिपाठ चालविला. एकविसाव्या दिवशी लुटारूंच्या नायकास पुत्र झाला आणि त्या आनंदात शिळा सरली. बाबा थेट आळंदीस माउलींच्या चरणी येऊन राहिले.

येथवरची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. पण खरी कसोटी पुढेच आहे, बरं का! लुटारूंचे भय नामाने टळले. भक्ताभक्तांतला कलह कशाने टळावा? तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून नेण्यास आरंभ केला. पुढे हक्कामानावरून तंटे माजले. तेव्हा बाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा निराळा काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. फौजेत अंगी बाणलेली शिस्त बाबांनी वारीत आणली. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, हे ठरले. मग पुढे जाण्यासाठी भांडावे कोणी?

त्या शिस्तीतली समाजआरती तर पाहण्यासारखी. मुक्कामी साऱ्या दिंड्या माउलींभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो, तत्क्षणी हजारो टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याची तड लागते आणि मगच आरती होते. अन्याय झालेल्याने हात उगारायचा नाही, टाळ वाजवायचा. आणि इतरांनी ऐकेपर्यंत थांबायचे.

तरवारीच्या धाकानेही माणसे गप्प बसतात, पण मनातला विखार जात नाही. गाऱ्हाणे ऐकले गेले म्हणजे तो जातो. हे वर्म सरदारी सोडून आलेल्या बाबांनी जाणले. कार्तिकीस आळंदीत त्यांच्या पायरीचे पूजन होते, ते याच ऋणापोटी. आपल्या गावात बांधावरून, पाण्यावरून, देवळातल्या मानावरून काठ्या निघू लागल्या, तर माळकऱ्याने आधी ज्याचा टाळ वाजतो आहे त्याच्यापाशी जावे. आरती नंतर.

रामकृष्णहरि.