बेदरचा वजीर महमूद गवान

बेदरच्या राजाची कथा श्रीगुरुचरित्राच्या पारायणामुळे आमच्या घरोघरी परिचित आहे. मांडीवरील स्फोटकाने पीडित झालेला तो राजा गाणगापुरी येऊन श्रीगुरूंच्या चरणी लीन झाला, असे त्यात वर्णिले आहे. त्याच बेदरच्या गादीची सेवा करणारा एक वजीर पंधराव्या शतकात होऊन गेला. त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

महमूद गवान हा मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने समुद्रमार्गे तो दक्षिणेत उतरला आणि 1453 च्या सुमारास बेदरास पोहोचला. 1458 साली हुमायून गादीवर आला तेव्हा गवानाच्या हाती मोठा अधिकार आला. 1463 मध्ये तिसरा मुहंमदशहा बालवयातच सुलतान झाला, आणि पुढे राज्याचा सारा भार गवानानेच वाहिला.

1469 पासून कोकणच्या मोहिमेत तो गुंतला होता. दाट अरण्य, दुर्गम घाट, त्यातच पावसाळा. तरी उतावीळ न होता त्याने खेळणा किल्ला घेतला आणि 1472 साली गोवाही जिंकले. परत आल्यावर सुलतान त्याच्या वाड्यात आठवडाभर पाहुणा म्हणून राहिला आणि राजमातेने त्यास भाऊ मानले. यानंतर जे घडले ते फिरिश्त्याने आपल्या तवारिखेत नोंदविले आहे. सुलतान निघून जाताच गवान दालनाचे दार लावून पुष्कळ वेळ रडला. मग जाडेभरडे वस्त्र नेसून त्याने विद्वानांस व गोरगरिबांस बोलाविले आणि सर्व धन वाटून टाकले. ग्रंथ, हत्ती व घोडे एवढेच मागे ठेविले. ग्रंथ विद्यार्थ्यांचे आणि जनावरे सुलतानाची, असे तो समजे. कारण विचारता त्याने सांगितले की, एवढ्या मानाने मनात अहंकार शिरला, आणि त्याची भीती वाटली. विजयाच्या दिवशी आपले मन असे तपासून पाहणारा अधिकारी आमच्या वाचनात क्वचितच आला आहे.

कारभारातही हाच नेम दिसतो. चार सुभ्यांचे त्याने आठ केले, जमिनीची मोजणी करविली, प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेविला. फौजेत जितकी माणसे कमी भरतील तितका पगार कापला जाई. हे सरदारांस कसे रुचावे? त्यांतून कट शिजला. गवानाच्या शिक्का सांभाळणाऱ्या गुलामास फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठविण्यात आला, आणि त्यावर ओरिसाच्या राजास स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले गेले.

सुलतान त्या वेळी कोंडापल्लीस होता. तो तरुण होता, मद्याच्या अधीन झाला होता, आणि पहिली बातमी कानी पडताच मन बनवून टाकण्याची त्यास खोड होती. पत्र कोणी आणले, शिक्का कोणाजवळ असतो, एवढी साधी चौकशीही त्याने केली नाही. स्नेह्यांनी गुजरातेत निघून जाण्यास सुचविले, पण गवान गेला नाही. स्वतःचे अंतःकरण निर्मळ म्हणून दुसऱ्याचेही तसेच असेल असे मानणे ही त्याचीही सवयच, आणि राजकारणात ती घातक ठरते, असे आम्हांस वाटते. दरबारात राजद्रोह्यास काय शिक्षा, असे विचारता त्याने मृत्युदंड सांगितला. पत्र दाखविताच, शिक्का आपला पण पत्र आपले नव्हे, असे तो बोलला. सुलतानाने पुढे ऐकून घेतले नाही. 5 एप्रिल 1481 रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला.

मग खजिन्याचा शोध झाला. हाती फारसे काही लागले नाही. वजीर मातीच्या भांड्यात जेवत असे व चटईवर निजत असे, हे उघड झाले. सुलतानास पश्चात्ताप झाला खरा, पण वर्ष भरण्याच्या आतच तोही वारला. पुढील काही दशकांत त्या राज्याची पाच शकले झाली. बेदरास गवानाने 1472 साली बांधलेला मदरसा सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने अर्धाअधिक उडाला. त्याच्या दर्शनी बाजूच्या दोन मिनारांपैकी एक आजही उभा आहे.