वराझताद काझांजियन

वराझताद होव्हान्नेस काझांजियन (१८ मार्च १८७९ – १९ ऑक्टोबर १९७४) हे आर्मेनियन वंशाचे अमेरिकन दंतवैद्य व शल्यचिकित्सक होते. पहिल्या महायुद्धात जबडा व चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर केलेल्या उपचारांमुळे त्यांची गणना आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या प्रवर्तकांत होते. कृत्रिम दात बसविण्यापूर्वी शस्त्रक्रियेने जबड्याची पूर्वतयारी करण्याच्या क्षेत्रातही त्यांचे कार्य महत्त्वाचे आहे.

प्रारंभिक जीवन

काझांजियन यांचा जन्म ऑस्मानी साम्राज्यातील एर्झिंजान येथे झाला. आर्मेनियन लोकांच्या कत्तली सुरू असतानाच्या काळात, १८९५ मध्ये, ते अमेरिकेत आले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे तारेच्या कारखान्यात कामगार म्हणून लागले. काम सांभाळून त्यांनी शिक्षण घेतले व १९०५ मध्ये हार्वर्ड दंत विद्यालयाची पदवी मिळवली. पुढे तेथेच अध्यापन करताना कृत्रिम दंतरचना आणि जबड्याचे अस्थिभंग हे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. कारखान्यात अंगवळणी पडलेले तारकाम मोडलेला जबडा बांधताना त्यांच्या उपयोगी पडले.

महायुद्धातील कार्य

१९१५ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय पथकाबरोबर ते फ्रान्समध्ये गेले. पथकातील सहकारी परतल्यानंतरही ते तेथेच थांबले आणि कामिए येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात १९१९ पर्यंत काम करीत राहिले. खंदकांतील युद्धात सैनिकाचे डोके व चेहरा विशेष उघडे पडत असल्याने अशा जखमींची संख्या मोठी होती.

जबड्याचा तुकडा उडून गेलेला असताना जखमेच्या कडा ओढून शिवल्यास उरलेली हाडे आत सरकत. दातांची जुळणी बिघडे, चेहरा आक्रसे आणि चावणे व बोलणे कठीण होई. काझांजियन दंतवैद्याच्या दृष्टीने उलट क्रमाने विचार करीत. धातूच्या व कठीण रबराच्या आधारपट्ट्यांनी ते उरलेले तुकडे प्रथम मूळ जागी स्थिर करीत आणि गेलेल्या हाडाची जागा मोकळी राखीत. त्या आधारावर मऊ ऊती जुळवल्या जात. जागा राखलेली असल्याने, जखम भरल्यावर आवश्यक तेथे शरीराच्या अन्य भागातील हाड घेऊन अस्थिरोपण करणे शक्य होई. या सेवेबद्दल ब्रिटिश राजाने त्यांचा सन्मान केला.

उत्तरायुष्य

युद्धात कीर्ती मिळूनही काझांजियन यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन १९२१ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाची पदवी घेतली. १९४१ मध्ये ते हार्वर्डमधील प्लास्टिक सर्जरीचे पहिले प्राध्यापक झाले.

दात पडल्यावर त्यांना धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते आणि कवळीला आधार उरत नाही. यावर काझांजियन यांनी १९२४ मध्ये एक शस्त्रक्रिया मांडली. तीत ओठ व हिरडी यांमधील खाच खोल करून उरलेल्या हाडाची अधिक उंची कवळीसाठी उपलब्ध करून दिली जाई. मात्र ओठाच्या आतील उघडी राहणारी जखम आक्रसून भरत असे. ही या पद्धतीची मर्यादा होती.

१९३१ मध्ये त्यांनी व्हिएन्ना येथे सिग्मंड फ्रॉइड यांच्यासाठी कृत्रिम टाळू तयार केली. कर्करोगामुळे फ्रॉइड यांच्या वरच्या जबड्याचा भाग काढण्यात आला होता. या प्रयत्नाने त्यांचा त्रास कायमचा दूर झाला नाही.

जॉन मार्क्विस कॉन्व्हर्स यांच्यासह काझांजियन यांनी लिहिलेला चेहऱ्याच्या दुखापतींवरील शस्त्रक्रियांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

वारसा

१९६५ मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचे दंत इम्प्लांट रुग्णाच्या जबड्यात बसविले. इम्प्लांटला हाडाचीच पकड लागत असल्याने, झिजलेल्या जबड्यात आधी अस्थिरोपण करण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तंत्र बदलले, तरी दातांआधी त्यांच्या आधाराची उभारणी करण्याचा काझांजियन यांनी अनुसरलेला क्रम या उपचारांतही कायम आहे.