अजिंठ्याची चित्रं काढण्यात त्याची वर्षं गेली, ती आगीत जळाली. रॉबर्ट गिलचे फोटो मात्र उरले

अजिंठा म्हटलं की रॉबर्ट गिल आठवतो तो पारोमुळे. ना. धों. महानोरांचं काव्य आणि २०१२ मध्ये आलेला नितीन देसाईंचा सिनेमा यामुळे ती प्रेमकथा घराघरांत पोहोचली. पण हा माणूस अजिंठ्यात आला होता कामासाठी, आणि त्या कामाचं पुढे जे झालं ते ऐकून आजही हळहळ वाटते.

गिलचा जन्म १८०४ चा, लंडनचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत तो अधिकारी होता. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला अजिंठ्याची लेणी पडली होती. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने १८४३ मध्ये लंडनमध्ये या लेण्यांवर निबंध वाचला आणि भिंतींवरची चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. १८४४ मध्ये ही कामगिरी गिलवर सोपवण्यात आली.

आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवरचा हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. भोवती दाट जंगल. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहायचा, वाघांचा शिकारी म्हणूनही त्याचं नाव होतं. लेण्यांमधल्या अंधुक उजेडात त्याने कॅनव्हासवर तैलरंगांत भल्यामोठ्या नकला केल्या आणि त्या लंडनला रवाना झाल्या.

तिथे त्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला लावल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. हातावर मोजण्याइतकी चित्रं वाचली, बाकी सगळी राख!

पण दरम्यान गिलच्या हाती कॅमेरा आला होता. त्या काळचं फोटोचं तंत्र रंग टिपत नव्हतं, त्यामुळे भित्तिचित्रांसाठी ते फारसं कामाचं नव्हतं. दगडाचं तसं नाही. ऊन-सावलीत कोरीव काम उठून दिसतं. गिल स्टिरिओ फोटो काढायचा, म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेले दोन फोटो शेजारी-शेजारी. भिंगांच्या यंत्रातून पाहिलं की खांब पुढे येतात, गाभारा आत जातो. आजच्या व्हीआर चष्म्याचा आजोबाच म्हणा!

त्याचा उपयोग काय झाला? शैली ओळखायची तर दोन वास्तू शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. अजिंठ्याचंच उदाहरण घ्या. लेणी क्रमांक ९ आणि १० ही जुनी, इसवी सनापूर्वीच्या काळातली चैत्यगृहं. त्यांचे खांब साधे अष्टकोनी आणि स्तूपही साधा, त्यावर बुद्धमूर्ती नाही. १९ आणि २६ ही पाचव्या शतकातली. इथे स्तूपावरच बुद्ध कोरलेला आहे, खांब नक्षीने भरलेले आहेत, आणि २६ मध्ये तर महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची निजलेली मूर्ती आहे. लंडनमध्ये बसलेल्या वाचकाला हा फरक डोळ्यांनी पाहायचा तर फोटोच हवेत. फर्ग्युसनने नेमकं तेच केलं. १८६४ मध्ये गिलचे अजिंठा-वेरूळचे ७४ फोटो आणि फर्ग्युसनचा मजकूर असं पुस्तक निघालं. त्याच वर्षी शंभर स्टिरिओ फोटोंचं दुसरं पुस्तकही आलं. लोणारच्या मंदिरांचेही फोटो गिलने काढले होते.

नशिबाचा खेळ बघा, पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या नव्याने नकला केल्या, आणि १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत त्यातल्याही बऱ्याच गेल्या.

ते पाहायला गिल नव्हता. १८७९ च्या एप्रिलमध्ये, आजारी अवस्थेत भुसावळकडे जात असताना, वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे. पारोची अजिंठा गावात. तिच्या कबरीवर तारीख कोरलेली आहे, २३ मे १८५६.