विश्लेषण : फुटलेल्या परीक्षानळीतून डीएनएची ‘कात्री’ कशी सापडली?

डीएनए ठरावीक जागी कापणारी ‘रिस्ट्रिक्शन एन्झाइम’ आज जनुकीय संशोधनातले रोजचे हत्यार आहेत. या कात्रीचा पहिला सुगावा साल्वादोर लुरिया यांना लागला, तोही एक परीक्षानळी फुटल्यामुळे.

लुरिया कोण होते?

लुरिया यांचा जन्म १९१२ मध्ये इटलीतील तुरीन शहरात ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. १९३८ मध्ये मुसोलिनी राजवटीच्या वंशभेदी धोरणामुळे अमेरिकेत संशोधनाची शिष्यवृत्ती हुकली आणि त्यांनी पॅरिस गाठले. १९४० मध्ये नाझी फौजा पॅरिसजवळ आल्या, तेव्हा ते सायकलवरून निसटले. पुढे मार्से येथे व्हिसा मिळवून त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला पोहोचले.

परीक्षानळीचे प्रकरण काय?

इलिनॉय विद्यापीठात ते जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करत होते. ई. कोलाय जिवाणूच्या एका वाणात विषाणू शिरे, जिवाणू मरे. पण नवे विषाणू दिसत नसत. एके दिवशी ते तपासण्यासाठी वापरायच्या नेहमीच्या ई. कोलायची नळी फुटली. लुरियांनी सहकाऱ्याकडून शिगेला जिवाणू उसने घेतले. त्यांच्यावर विषाणू जोमाने वाढले! म्हणजे नवे विषाणू तयार होत होते, मात्र नेहमीच्या ई. कोलायमध्ये त्यांना मज्जाव होता. मेरी ह्यूमन यांच्यासह त्यांनी हे १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी डाव्या विचारांच्या लुरियांना ऑक्सफर्डच्या परिषदेसाठी अमेरिकेने पासपोर्ट नाकारला.

कात्री चालते कशी?

मज्जाव का, हे कोडे १९६० च्या दशकात जिनिव्हात वेर्नर आर्बर यांनी दुसऱ्या एका विषाणूवर काम करून उलगडले. जिवाणूकडे दोन प्रकारची एन्झाइम असतात. एक डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम शोधून तिथे काप घेते. उदाहरणार्थ, ‘इको-आर-वन’ हे एन्झाइम ‘जीएएटीटीसी’ या सहा अक्षरांवर कापते. दुसरे एन्झाइम जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएमध्ये त्याच जागी मिथाइल गटाची खूण लावते. खूण असेल तर कात्री चालत नाही. नसेल तर तो डीएनए परका ठरतो आणि त्याचे तुकडे होतात.

पुढे काय झाले?

१९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी नेमक्या जागी कापणारे एन्झाइम वेगळे केले. डॅनियल नेथन्स यांनी त्याने एका विषाणूचा डीएनए कापून दाखवला. आर्बर, स्मिथ व नेथन्स यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले. याच कात्रीमुळे इन्सुलिनचे जनुक जिवाणूत बसवता आले. अशा मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

लुरियांना नोबेल १९६९ मध्येच मिळाले होते, पण विषाणूंवरील इतर कामासाठी. मज्जावाच्या कोड्याचा त्यांनी पुढे पाठपुरावा केला नाही. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्या कोड्यातून निघालेली औषधे रुग्णांपर्यंत पोहोचली होती.