परवान्याच्या चौकटीत न मावलेला शाहीर

धानाची कापणी आटोपते, दिवाळी सरते आणि झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. भंडारा जिल्ह्यातील दिघोरी आणि आसपासच्या गावांत याच हंगामात नाटकांचे मंडप उभे राहतात. एकेकाळी इथे दंडार आणि खडी गंमत रात्ररात्र रंगत असे. आज रात्रभर चालणाऱ्या नाटकाने ती जागा घेतली आहे. मात्र पडदा वर जाण्यापूर्वी आयोजकांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. ध्वनिक्षेपकाची परवानगी तिथूनच मिळते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकावर बंदी घातली. राज्य सरकारला वर्षातून अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पहाटेपर्यंत चालणाऱ्या लोककलेला ही मुदत अपुरीच पडणार.

गावकऱ्यांच्या झोपेची काळजी घेणारा हा नियम अन्यायकारक म्हणता येणार नाही. पण परवाना देणारा हात कधीकधी घड्याळाकडे नव्हे, तर शाहिराच्या शब्दांकडे पाहतो. महाराष्ट्राने तो काळही अनुभवला आहे. त्या काळाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील हे गाव आज सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात आहे. तुकाराम हे त्यांचे मूळ नाव. भाऊराव आणि वालुबाई या मातंग दांपत्याच्या या मुलाला शाळा जेमतेम दीड दिवस लाभली. घरच्या दारिद्र्याने हे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. तिथे हमालीपासून गिरणीकामापर्यंत मिळेल ते काम अण्णाभाऊंनी केले. अक्षरओळखही त्यांनी स्वतःच्याच धडपडीने करून घेतली. नात्यातील बापू साठे यांच्या फडात त्यांना तमाशाचे बाळकडू मिळाले, तर गिरणगावात आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट चळवळीचे.

या दोन संस्कारांच्या संगमातून त्यांची कला घडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रचलेला स्टालिनग्राडचा पवाडा कामगार वस्त्यांत गाजला. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या साथीने त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ यांसारख्या वगांतून सावकार, काळाबाजारवाले आणि मतलबी पुढारी यांची यथेच्छ टर उडवली जाई. गिरणीच्या दारापासून गावच्या चावडीपर्यंत, कुठेही हा रंगमंच उभा राहू शकत असे. ढोलकी, तुणतुणे आणि खणखणीत गळा एवढेच त्याचे भांडवल.

रंगमंचावर सरकारचा अंकुश ही काही नवी गोष्ट नव्हती. ब्रिटिश सरकारने १८७६मध्येच नाट्यप्रयोगांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१०मध्ये बंदी आली. परकीय सत्तेकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, तेव्हा मुख्यमंत्रिपदी बाळासाहेब खेर होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. अश्लीलतेचे कारण पुढे करण्यात आले. लाल बावटा पथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. तिथे मात्र सरकारला खुपत होती ती लावणी नव्हे, तर वगातील राजकीय टीका.

या बंदीचा खरा घाव तमाशाच्या स्वभावावरच होता. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा तमाशाचा क्रम असतो. त्यातील बतावणी ही समोरचा प्रेक्षक पाहून आयत्या वेळी फुलवायची असते. सोंगाड्याचे बोलणे आज एक, तर उद्या दुसरे. अशा कलेची संहिता आधी तपासून घ्यायची, तर त्यातील उत्स्फूर्तताच हरपते. शिवाय ज्या कलावंतांचे पोट रोजच्या खेळावर अवलंबून होते, त्यांच्यासाठी नाकारलेला परवाना म्हणजे विझलेली चूल होती.

अण्णाभाऊंनी यावर वेगळा मार्ग काढला. बंदी तमाशावर होती, म्हणून त्यांनी आपल्या खेळाला ‘लोकनाट्य’ हे नाव दिले. मात्र हा बदल केवळ नावापुरता नव्हता. गणातील देवस्तुतीच्या जागी त्यांनी श्रमिकांना आणि मातृभूमीला वंदन केले. गौळणीला फाटा दिला. सोंगाड्याचा मिश्कीलपणा, ढोलकीची लय आणि सवाल-जवाबाची धार मात्र तशीच राखली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या लोकनाट्याने आणि ‘माझी मैना’ या छक्कडीने जनमत पेटते ठेवले. १९५६मध्ये भंडाऱ्यासह विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र साकारला.

लोकनाट्य हे नाव मग मराठी रंगभूमीवर सन्मानाने रुळले. १९६५मध्ये वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आले आणि शहरी प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. पण हा मान फडावरच्या तमासगिरांच्या वाट्याला त्या प्रमाणात आला नाही. त्यांच्या दुःखाची जाण अण्णाभाऊंना होती. तमासगीर स्त्रीचे जगणे मांडणारी ‘वैजयंता’ ही त्यांची कादंबरी याची साक्ष देते. १९६१मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. त्याच वर्षी ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या वगांवर सरकारने बंदी घातली, त्यांच्याच कादंबरीचा सरकारने गौरव केला.

या गौरवाने अण्णाभाऊंचे दारिद्र्य मात्र संपले नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी विपुल लेखन केले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमर शेखही गेले. २००२मध्ये अण्णाभाऊंवर टपाल तिकीट निघाले, तर २०२२मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

१८७६चा तो कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि २०१८मध्ये तो रद्दही झाला. तरीही नाटकाची संहिता तपासणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ राज्यात आहे आणि सार्वजनिक करमणुकीचे परवाने देण्याचे अधिकार १९५१च्या पोलीस कायद्याने पोलिसांकडेच ठेवले आहेत. आवाजाची मर्यादा आणि गर्दीची सुरक्षितता पाहणे हे या यंत्रणेचे काम खरेच. परंतु रंगमंचावरून काय बोलले जावे, हे ठरवण्याचा मोह तिला पडला की काय होते, हे अण्णाभाऊंच्या आयुष्याने दाखवून दिले आहे. झाडीपट्टीतील मंडपात रात्री दिवे उजळतात, तेव्हा ही आठवण परवाना मागणाऱ्याने ठेवावी आणि देणाऱ्यानेही.