फळांच्या रसाचा मागोवा

चिरलेले वांगे किंवा सोललेले केळे काही वेळ उघडे ठेवले, की ते काळे पडू लागते. लिंबाची फोड मात्र तशी काळी पडत नाही. प्रत्येक स्वयंपाकघरात रोज घडणारी ही गोष्ट. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. हंगेरी देशातील एका तरुण डॉक्टराने ती मनावर घेतली आणि तिच्या पाठीमागे आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. त्याचे नाव आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी.

आल्बर्टचा जन्म 16 सप्टेंबर 1893 रोजी बुडापेस्ट येथे झाला. त्याचे मामा शरीररचनाशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. भाच्याला पुस्तकांची गोडी नाही, हे पाहून हा मुलगा मंदबुद्धी आहे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास आल्बर्ट एकाएकी अभ्यासाला लागला आणि पहिल्या ओळीत जाऊन बसला, तरीही शास्त्रज्ञ होण्याचा त्याचा विचार मामांना बराच काळ पटला नाही. मोठ्यांचे अंदाज असेही चुकतात!

तो वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सैन्याच्या वैद्यकीय पथकात त्याने शौर्याबद्दल पदकही मिळविले. परंतु डोळ्यांदेखत चाललेला तो निरर्थक संहार त्याला सहन होईना. अखेर 1916 मध्ये त्याने स्वतःच्याच दंडावर गोळी झाडून घेतली आणि ती शत्रूची असल्याचे सांगितले. सैनिकी शिस्तीच्या दृष्टीने हे कृत्य अक्षम्य होते, आणि ते उघडकीस आले असते तर त्याच्या जिवावर बेतले असते. तो बुडापेस्टला परतला व 1917 मध्ये डॉक्टर झाला.

युद्धात हंगेरीचा पराभव झाला. पत्नी आणि लहान मुलगी यांना घेऊन सेंट-ज्यॉर्जी प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडेन अशा गावांतून काम शोधीत फिरले. शेवटी हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे ते स्थिरावले. वनस्पतींचा छेद काळा का पडतो, या प्रश्नाचा अभ्यास त्यांनी येथेच आरंभिला. काळ्या पडणाऱ्या वनस्पतींच्या रसात एक विशिष्ट द्रव्य मिसळले, की निळा रंग तत्काळ उमटे. लिंबूवर्गीय फळांच्या रसात तोच रंग उमटायला क्षणभर उशीर लागे. एवढासाच तो फरक! परंतु रसात असे काहीतरी आहे, जे या क्रियेला थोपवून धरते, हे त्यांनी त्या क्षणभराच्या विलंबावरून ताडले.

इतक्यात त्यांचा आश्रयदाता प्राध्यापक निवर्तला आणि नव्या प्रमुखाला या कामाचे मोल वाटेना. 1926 मध्ये संसार मोडून पत्नी व मुलगी यांना माहेरी धाडण्याची पाळी आली. विज्ञानाचा निरोप घ्यावयाचा असे ठरवून ते स्टॉकहोम येथील शास्त्रज्ञांच्या परिषदेस गेले. तेथे केंब्रिजचे थोर जीवरसायनशास्त्रज्ञ सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी आपल्या भाषणात त्यांच्याच निबंधाचा उल्लेख केला. भाषण संपताच ते हॉपकिन्स यांना भेटले, आणि त्यांना केंब्रिजचे निमंत्रण मिळाले.

केंब्रिजमध्ये त्यांनी संत्र्याचा रस, कोबी आणि जनावरांच्या मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी यांतून ते द्रव्य पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. ते शर्करेच्या जातीचे दिसत होते. पण त्याची घटना उमगली नव्हती. शर्करांच्या नावांचा शेवट ‘ओज’ असा होतो, म्हणून त्यांनी आपल्या अज्ञानाची कबुली देणारे ‘इग्नोज’ हे नाव सुचविले. नियतकालिकाच्या संपादकांनी ते नाकारले. तेव्हा त्यांनी ‘गॉडनोज’, म्हणजे देवच जाणे, असे दुसरे नाव पाठविले! संपादकांना विनोद रुचला नाही. अखेर 1928 मध्ये ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ या गंभीर नावाने निबंध छापला गेला.

पुढे ते मायदेशी सेगेड येथे प्राध्यापक झाले. हे द्रव्य म्हणजेच स्कर्व्ही रोग बरा करणारे ‘क’ जीवनसत्त्व होय, असे तेथे 1932 मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स किंग यांनीही तसेच जाहीर केल्यामुळे अग्रमानाचा वाद बराच रंगला. खरी अडचण निराळी होती. स्फटिक संपत आले होते, आणि लिंबाच्या रसातील इतर शर्करांमुळे ते शुद्ध रूपात काढणे दुष्कर होते. एके दिवशी रात्रीच्या जेवणात पत्नीने ताजी पॅप्रिका मिरची वाढली. ती खाण्याची त्यांना इच्छा नव्हती; परंतु या मिरचीची परीक्षा आपण कधीच केली नाही, हे आठवून ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळाले. सेगेडच्या शेताशेतांत पिकणारी ती मिरची ‘क’ जीवनसत्त्वाची खाणच होती. थोड्याच आठवड्यांत त्यांच्याजवळ किलोग्रॅमच्या हिशेबाने स्फटिक जमले, आणि ते त्यांनी इतर शास्त्रज्ञांना मुक्तहस्ते वाटले.

यानंतर एक चमत्कारिक अनुभव आला. काही रोग्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक होऊन कातडीखाली रक्त पाझरत असे. अशा रोगावर फळांचा अशुद्ध अर्क गुणकारी ठरला. शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व मात्र निष्फळ ठरले. तर मग गुण होता तो अर्कातील मळात! सेंट-ज्यॉर्जी व त्यांचे सहकारी इस्त्वान रुस्न्याक यांनी लिंबातून एक मिश्रण काढून त्यास ‘सिट्रिन’ म्हटले. त्यात फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये होती. हेस्पेरिडिन हे त्यांपैकी प्रमुख होते. 1936 मध्ये त्यांनी या द्रव्यांस ‘पी’ जीवनसत्त्व असे नाव दिले. परंतु पुढील प्रयोगांत, अगदी त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही, पहिल्यासारखा निकाल खात्रीने मिळेना. ही द्रव्ये न मिळाल्यामुळे होणारा असा कोणताही रोग दाखविता आला नाही, आणि 1950 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या समितीने ते नाव सोडून देण्याची शिफारस केली. नाव गेले, द्रव्ये मात्र खरी होती, आणि त्यांचा अभ्यास थांबला नाही.

1937 मध्ये सेंट-ज्यॉर्जी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे सुवर्णपदक त्यांनी फिनलंडवर रशियाने आक्रमण केले तेव्हा त्या देशाच्या साहाय्यार्थ देऊन टाकले. दुसऱ्या महायुद्धात हंगेरी जर्मनीच्या बाजूस होता. देशाला त्या संगतीतून सोडविण्यासाठी 1943 मध्ये ते व्याख्यानाचे निमित्त करून इस्तंबूलला गेले आणि ब्रिटिशांशी गुप्त बोलणी केली. ही वार्ता हिटलरच्या कानी गेली. त्यानंतरचे दिवस त्यांना नाझींच्या हाती लागू नये म्हणून लपूनछपून काढावे लागले. 1947 मध्ये ते अमेरिकेस गेले. वुड्स होल येथे समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत ते अखेरपर्यंत संशोधन करीत राहिले, आणि 22 ऑक्टोबर 1986 रोजी, वयाच्या 93व्या वर्षी, तेथेच निवर्तले.

सिट्रिनमधील द्रव्ये एका फळात एक आणि दुसऱ्यात दुसरे अशी का असतात, याचा उलगडा त्यांच्या मृत्यूनंतर जनुकांच्या अभ्यासाने झाला. आईबापांकडून संततीकडे गुणधर्म नेणारी जनुके वनस्पतींतही असतात. पेशीत कोणते विकर तयार व्हावे हे ती ठरवितात, आणि त्या विकरांकडून फ्लॅव्होनॉइडे घडविली जातात. लिंबूवर्गात या द्रव्यांना दोन शर्करांची जोडी जोडलेली असते. दुसरी शर्करा पहिलीच्या एका विशिष्ट जागी जोडली गेली तर नॅरिंजिनसारखे कडू द्रव्य तयार होते. दुसऱ्या जागी जोडली गेली तर ते बेचव राहते. पपनसात पहिल्या जोडणीचे विकर घडविणारे जनुक कार्यक्षम असते, म्हणून त्याच्या सालीजवळचा पांढरा भाग कडू लागतो. नागपुरी संत्रे ज्या जातीचे आहे त्या जातीत, तसेच मोसंब्यात, हे जनुक निकामी झालेले असते. तेथे दुसरी जोडणी होते. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्रे यांचा संकर. त्याला दोन्ही वारसे मिळाले, आणि त्याची चव गोड असूनही कडवट राहिली.

लिंबातही मुख्यतः दुसरीच जोडणी होते. म्हणूनच सेगेडच्या प्रयोगशाळेत काढलेल्या सिट्रिनमधील हेस्पेरिडिन कडू नव्हते, तर बेचव होते.